बाकी कोणाची?

दिवाळी उलटली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भाताची झोडणी आटोपत येते आणि आमच्यासारख्या धान्याच्या पेढीवर काटा सकाळपासून हलता राहतो. कशेळे, कडाव, कळंब या बाजूचा माल कर्जतच्या दुकानात उतरतो. खालापूरकडचा माल चौकजवळच्या गोदामात. गेल्या हंगामात अशाच एका सकाळी एक वयस्क शेतकरी बारा कट्टे भात घालून गेले आणि थोड्या वेळाने हिशेबपट्टी हातात घेऊन पुन्हा गादीपाशी आले.

“शेठ, काट्यानं चारशे त्र्याऐंशी किलो सहाशे दाखवलं. पट्टीत चारशे पासष्ट कसं काय?”

वडील म्हणाले, “मामा, ओलावा वीस टक्के निघालाय. त्याची तूट कापली.”

“तूट कापा, त्याला माझी ना नाय. पण किती कापली नि कशी, तेवढं सांगा.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी संगणकाकडे. पडद्यावर वजन होते, ओलावा होता, भाव होता आणि शेवटी रक्कम होती. मधली पायरी कोठेच नव्हती. मामा रागावले नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता आणि आम्हा तिघांपैकी एकालाही त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, याची लाज मात्र आम्हा दोघांना वाटली.

आजोबांचे त्रैराशिक

आजोबा आता गादीवर केवळ सवयीने बसतात. त्यांनी पेन्सिल मागून घेतली. वीस टक्के ओलावा म्हणजे शंभर किलोत ऐंशी किलो सुका भाग. सरकारी आधारभूत खरेदीत भाताच्या ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. आमची पेढी तीच मर्यादा प्रमाण मानते. सतरा टक्क्यांच्या मालात सुका भाग त्र्याऐंशी किलो. म्हणून त्र्याऐंशीला ऐंशी, तर चारशे त्र्याऐंशी किलो सहाशे ग्रॅमला किती? त्रैराशिकाचे उत्तर आले ४६६ किलो १२० ग्रॅम आणि वर थोडी बाकी.

काही व्यापारी याहून सोपी रीत वापरतात : तीन टक्के जादा ओलावा, तर शेकडा तीन किलो तूट. त्या रीतीने वजन ४६९ किलोंच्या वर जाते. माल वाळल्यावर प्रत्यक्ष जेवढा घटतो त्याच्याशी आजोबांची रीत जुळते. पण दोन्ही रीती प्रामाणिक असू शकतात, अट एवढीच की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक असावी. आमच्या पट्टीवरचे ४६५ मात्र कोणत्याच रीतीत बसत नव्हते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता आणि आम्ही तोच धरला होता. ४६५ किलोंचे ११,०१५ रुपये ८५ पैसे झाले होते. आजोबांच्या वजनाने ते ११,०४२ रुपये ३८ पैसे व्हायला हवे होते. एका पट्टीत २६ रुपये ५३ पैशांचा फरक. वडिलांनी तेवढे पैसे तत्काळ मामांच्या हातावर ठेवले. पण फरक कोठून आला, हे कळल्याखेरीज प्रश्न मिटणार नव्हता. हिशेबाची प्रणाली ज्यांच्याकडून घेतली होती त्यांना फोन केला. उत्तर सौजन्याचे होते : सूत्र आत बसवलेले आहे, ते दाखवता किंवा बदलता येत नाही, सगळीकडे हेच चालते.

वाचकहो, आपल्या दुकानातील वजनकाट्यावर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने त्याची पडताळणी होते आणि शिक्का नसलेल्या काट्यावर माल तोलणे हा गुन्हा ठरतो. काट्याने दाखवलेला आकडा मात्र पुढे संगणकात शिरतो, तेथे त्याच्यावर गुणाकार-भागाकार होतात आणि पैसे त्या दुसऱ्या आकड्यावर मोजले जातात. या दुसऱ्या काट्यावर कोणाचाही शिक्का नसतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितले आहे, म्हणजे कमी-अधिक मापांचा व्यवहार. मापट्याचा तळ आतून जाड करणारा हात आपण ओळखतो. सूत्राचा तळ जाड असेल, आणि तो कोणी मुद्दाम केलेलाही नसेल, तर तो ओळखायचा कसा?

सूत्र वाचता यावे म्हणून

संगणकशास्त्राची पदवी घेऊन मी घरच्या पेढीवर परतलो होतो. एक्सेलच्या तक्त्यात हे काम भागले असते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तक्त्यातील सूत्र चौकटीच्या आड दडलेले असते. चौकटीत दिसणारा आकडा एक आणि आत साठवलेला दुसरा, असे सर्रास घडते. शिवाय कोणाच्याही बोटाच्या चुकीने सूत्र पुसले जाते. मला हवे होते ते वेगळे : तुटीचा नियम मराठीत लिहिलेला असावा, आजोबांना तो वाचता यावा, आणि वाचलेला नियम जसाच्या तसा यंत्राने चालवावा. त्यासाठी एक छोटीशी भाषा घडवावी लागणार होती.

‘भाषा घडवणे’ हे शब्द मोठे वाटतात. जगातील मोठ्या संगणकभाषांमागे शेकडो माणसांचे श्रम असतात. पण चार क्रिया, कंस, नावे आणि नियम एवढ्याच गोष्टी असलेली भाषा एका माणसाला काही आठवड्यांत उभी करता येते. लिहिलेला मजकूर यंत्राला चालवता येईल अशा आज्ञांत बदलणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. या विद्येची परंपरा आपल्यापासून दूर नाही. कर्जतहून मुंबईकडे जाताना याच मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग लागते. तेथून जवळच पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था. तेथील प्रा. डी. एम. ढमढेरे यांनी कंपायलरवर लिहिलेल्या पुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांनी ‘जीसीसी’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास विद्यार्थ्यांसाठी खुला केला.

कंपायलरचे काम तीन पायऱ्यांत होते, आणि त्यांपैकी दोन पायऱ्यांची नावे शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत.

पहिली पायरी पदच्छेद. अक्षरांच्या सलग ओळीतून शब्द, संख्या आणि चिन्हे वेगळी करायची. येथेच देवनागरीने मला पहिला धडा दिला. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ हे क्रमांक आहेत. म्हणून अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याचे मूल्य मिळते. हे सोपे. पण ‘ओलावा’ हा शब्द माझा कार्यक्रम ‘ओल’पाशीच तोडू लागला. कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत, आणि मी केवळ अक्षरांनाच शब्दात प्रवेश दिला होता. पुढे ‘शेतकऱ्याची’ या शब्दाने अडवले. त्यातील अर्धा ‘ऱ’ दोन वेगळ्या प्रकारांनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते भिन्न शब्द वाटतात. दुकानातील कळफलकावर चालणारा नियम वडिलांच्या फोनवर लिहिला की अडत असे. शेवटी वाचतानाच दोन्ही रूपे एक करून घेण्याची सोय केली.

दुसरी पायरी अन्वय. शब्द सुटे झाले, आता त्यांचा परस्परसंबंध लावायचा : कोणती क्रिया आधी, कोणती नंतर, कंसात काय आहे. भाषेची रचना मोजक्या नियमांत बांधण्याची जी पद्धत संगणकशास्त्रात रूढ आहे, ती जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांच्या नावाने ओळखली जाते. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात असे सुचवले होते की, पाणिनीने अशी पद्धत कितीतरी आधी वापरली असल्याने तिला पाणिनीचेही नाव द्यावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकातही १९९३ साली डॉ. सरोजा भाटे आणि सुभाष काक यांनी पाणिनीचे व्याकरण आणि संगणकशास्त्र यांच्या संबंधावर लेख लिहिला. माझ्या भाषेला जेमतेम डझनभर नियम पुरले.

तिसरी पायरी रूपांतर : अन्वय लागलेल्या वाक्यातून यंत्राच्या आज्ञा तयार करायच्या. पण कोणत्या यंत्राच्या?

सगळीकडे चालणारे यंत्र

कर्जतच्या दुकानात जुना संगणक आहे, चौकच्या गोदामात टॅबलेट, वडिलांच्या खिशात फोन. तिन्हींच्या आतील यंत्रे निरनिराळी. पावसाळ्यात डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर हिशेब करून घेण्याची सोय भरवशाची नाही. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे : वेब ब्राउझर. आणि आजच्या प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये ‘वेबअसेंब्ली’ नावाचे एक काल्पनिक यंत्र बसवलेले असते.

वेबअसेंब्लीची घोषणा २०१५ साली झाली. मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल या एरवी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी मिळून तिची रचना ठरवली. २०१७ मध्ये पहिल्या आवृत्तीवर चौघांचे एकमत झाले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तिला अधिकृत मान्यता दिली. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांच्यानंतर ब्राउझरला थेट समजणारी ही चौथी भाषा. तिच्यात माणसाने लिहावे अशी अपेक्षा नसते. इतर भाषांच्या कंपायलरांनी आपला माल उतरवावा, असे ते बंदर आहे.

या यंत्राची काम करण्याची रीत धान्याच्या व्यापाऱ्याला परकी वाटू नये. गोदामात कट्ट्यांची थप्पी लावताना नवा कट्टा वर ठेवतो आणि काढतानाही वरचाच काढतो. वेबअसेंब्ली संख्यांची अशीच थप्पी लावते. ‘वजन × (१००० − ओलावा)’ हे वाक्य तिच्याकडे असे जाते : वजन ठेव, एक हजार ठेव, ओलावा ठेव, वरच्या दोहोंची वजाबाकी करून उत्तर ठेव, आता वरच्या दोहोंचा गुणाकार करून उत्तर ठेव. प्रत्येक आज्ञेला क्रमांक आहे. मोठ्या पूर्णांकांच्या बेरजेला १२४, वजाबाकीला १२५, गुणाकाराला १२६, भागाकाराला १२७. कंपायलर शेवटी या क्रमांकांची एक रांग तयार करतो.

ही रांग किती लहान असू शकते ते पाहा. दोन संख्यांची बेरीज करणारे संपूर्ण मॉड्यूल, ‘बेरीज’ या मराठी नावासह, ५३ बाइटांत मावते. पहिले ८ बाइट ओळखीचे आणि आवृत्तीचे. ९ बाइटांत किती संख्या येणार आणि किती बाहेर जाणार याचा करार. ४ बाइटांत तो करार कोणत्या कामाला लागू आहे याची नोंद. २१ बाइटांत बाहेर दिसणारे नाव. आणि प्रत्यक्ष काम अवघ्या ११ बाइटांत. नावासाठीच १५ बाइट लागतात, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी दोन गुण महत्त्वाचे आहेत. चालवण्याआधी ब्राउझर संपूर्ण मॉड्यूल तपासतो. करारात न बसणारी आज्ञा आढळली तर ते सुरूच होत नाही. आणि सुरू झालेले मॉड्यूल बंद खोलीत काम करते : आपण जे हाती देऊ तेवढेच त्याला दिसते. फोनमधील छायाचित्रे, बँकेची माहिती, ग्राहकांची यादी यांना ते स्वतःहून हात लावू शकत नाही. पूर्णांकांचा हिशेब तर दुकानात, गोदामात आणि खिशात तंतोतंत एकच येतो.

माझ्याही भाषेने ४६५ सांगितले

महिन्याभराने भाषा बोलू लागली. पहिली परीक्षा मामांच्या पट्टीचीच घेतली. नियम मराठीत लिहिला, कंपायलरने आज्ञा तयार केल्या, ब्राउझरने त्या चालवल्या आणि पडद्यावर उत्तर आले : ४६५.

विकत घेतलेल्या प्रणालीचे सूत्र मी पाहिले नव्हते. तरी माझ्या हातून, कोणताही वाईट हेतू नसताना, तोच आकडा निघाला होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की येथे कोणी लबाडी केलेली असेलच असे नाही. एक निर्णय कोणीच घेतला नसेल, तरीही हेच घडते.

झाले होते ते असे. मी वजन पूर्ण किलोंत घेतले होते, म्हणून वरचे सहाशे ग्रॅम दारातच गळले. उरले ४८३. त्याला ८० ने गुणून ८३ ने भागले, की ४६५ आणि वर अर्ध्या किलोहून थोडी अधिक बाकी. वेबअसेंब्लीचा १२७ क्रमांकाचा भागाकार बाकी टाकून देतो. तो दोष नाही. मानकात तसे स्पष्ट लिहिले आहे. पण टाकलेली बाकी हवेत विरत नाही. खरेदीच्या पट्टीत ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाते, पैसे देणाऱ्याच्या, म्हणजे पेढीच्या. दर पट्टीला दोनदा सरासरी अर्धा-अर्धा किलो गळतो. शंभर पट्ट्या झाल्या की सुमारे एक क्विंटल भात कोणाच्याही लक्षात न येता गोदामात जमा झालेला असतो.

दशांश अपूर्णांक वापरून हे टळेल, असे प्रथम वाटले. वेबअसेंब्लीत चार मूळ प्रकारच्या संख्या आहेत, दोन पूर्णांकांच्या आणि दोन अपूर्णांकांच्या. पण यंत्रातील हे अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवले जातात आणि ०.१ ही साधी संख्यादेखील त्यांत नेमकी बसत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाही. दशांशचिन्हानंतर सतराव्या स्थानी एक ४ डोकावतो. एका बेरजेत त्याने काही बिघडत नाही, पण हजारो नोंदींच्या खतावणीत एखादा पैसा इकडेतिकडे होतो आणि ताळेबंद जुळवणारा माणूस रात्र जागतो. म्हणून भाषेत अपूर्णांक ठेवायचाच नाही, असे ठरले. वजन ग्रॅममध्ये, पैसे पैशांत, ओलावा टक्क्याच्या दहाव्या भागात; सर्व आकडे पूर्ण.

त्यातही एक फसवी जागा होती. ४,६६,१२१ ग्रॅमला क्विंटलच्या भावाने, म्हणजे २,३६,९०० पैशांनी गुणले की मधली संख्या ११,०४२ कोटींच्या पुढे जाते. वेबअसेंब्लीचा लहान पूर्णांक २१४ कोटी ७४ लाखांच्या जवळपास भरतो आणि मग न सांगता उलटा फिरतो. म्हणून मोठाच पूर्णांक वापरणे भाग होते.

बाकी लिहिल्याशिवाय भागाकार नाही

आता प्रश्न उरला बाकीचा. मी आजोबांना विचारले, “तुम्ही वहीत काय करत होता?” ते म्हणाले, “घेताना बाकी त्याच्या पदरात, विकताना गिऱ्हाइकाच्या. पाव किलोनं पेढी बुडत नाही.” साठ वर्षे हा नियम त्यांच्या डोक्यात होता. संगणक आला त्या दिवशी तो कोणी यंत्राला सांगितला नाही, इतकेच.

मी भाषेच्या व्याकरणातच एक सक्ती घातली. भागाकाराचे चिन्ह लिहिले की त्यापुढे ‘बाकी’ हा शब्द आणि बाकी कोणाची, हे लिहिलेच पाहिजे. ‘शेतकऱ्याची’ लिहिले तर उत्तर वरच्या पूर्ण आकड्याला नेले जाते, ‘पेढीची’ लिहिले तर खालच्या. काहीच लिहिले नाही, तर कंपायलर काम थांबवून विचारतो : “बाकी कोणाची?” आमच्या पेढीचे दोन नियम आता असे आहेत :

नियम सुकेवजन (वजन, ओलावा) :
वजन × (१००० − ओलावा) ÷ ८३० बाकी शेतकऱ्याची

नियम रक्कम (सुके, भाव) :
सुके × भाव ÷ १००००० बाकी शेतकऱ्याची

मामांची पट्टी या नियमांनी पुन्हा काढली. ४६६ किलो १२१ ग्रॅम आणि ११,०४२ रुपये ४१ पैसे. आजोबांच्या पेन्सिलीपेक्षा तीन पैसे अधिक, कारण दोन्ही वेळची बाकी मामांच्या पदरात पडली.

कायद्यालाही हा प्रश्न सुटलेला नाही, असे समजू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम २०१७ च्या कलम १७० मध्ये कराची रक्कम जवळच्या रुपयाला न्यावी, पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास रुपया धरावा आणि कमी असल्यास सोडून द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. सरकारने आपल्या बाकीचा निर्णय लिहून ठेवला. आपल्या पेढीतील तूट, मजुरी, व्याज, बट्टा यांच्या बाकीचा निर्णय आपणच लिहायचा असतो. सराफी पेढीवर मिलिग्रॅमचा प्रश्न येतो, कापडाच्या दुकानात सेंटिमीटरचा, उधारीच्या वहीत वर्षाचे दिवस ३६५ धरायचे की ३६६, याचा.

प्रत्येकाने भाषा घडवावी, असे मी सुचवणार नाही. पण आपल्या हिशेबाच्या प्रणालीला तीन प्रश्न प्रत्येकाला विचारता येतील. आकडा आत कोणत्या एककात साठवला जातो? दर भागाकारानंतरची बाकी कोणाकडे जाते? आणि नियम कागदावर लिहून मिळेल का? यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर एक पट्टी पेन्सिलीने स्वतः सोडवून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

पट्टीची मागची बाजू

नवी व्यवस्था सुरू करण्याआधी वडिलांनी एक काम काढले. त्या हंगामातील सगळ्या पट्ट्यांची वजने जुन्या नोंदींतून घेऊन हिशेब नव्या नियमाने पुन्हा केला आणि प्रत्येकाचा फरक त्याच्या खात्यावर जमा केला. काही रकमा दहा रुपयांच्या आतल्या होत्या. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हसून विचारले, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? वडील म्हणाले, “रक्कम त्यांची आहे. लहान की मोठी, ते त्यांनी ठरवावं.”

आता पट्टीच्या मागच्या बाजूला दोन्ही नियम छापलेले असतात. यंत्रासाठी एक आणि माणसासाठी दुसरा, असे नाही. कंपायलर जो मजकूर वाचतो तोच तेथे छापलेला असतो. उन्हाळी भाताच्या वेळी मामा पुन्हा आले. राजनाल्याच्या पाण्यावरचे पीक होते, माल चांगला वाळलेला. त्यांनी पट्टी उलटी करून सोबत आलेल्या नातवाच्या हातात दिली. मुलाने बोट ठेवून नियम वाचला, फोनवर गुणाकार-भागाकार केला आणि आकडा जुळल्यावर मान हलवली.

मामा थोडा वेळ थांबले. मग काट्याशेजारच्या मेजावर ठेवलेल्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, “शेठ, हिशेब पटला. पण हे ओलावा सांगणारं यंत्र बरोबर हाय, हे कोन बघतं?”

त्या प्रश्नाचे पुरते उत्तर आमच्यापाशी अजून नाही. त्या दिवसापासून प्रत्येक मालाचा ओलावा तीन वेगवेगळ्या कट्ट्यांतून मोजतो आणि तिन्ही आकडे पट्टीवर लिहितो. सरासरी काढताना तीनने भागावे लागते. त्या भागाकारापुढे काय लिहायचे, हे आजोबांनी विचारण्याआधीच ठरवून टाकले होते.